नागपूरची हवा, पाणी, धूळ आणि आपलं शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतल्या बैठका, पालकसभा आणि फोन यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. कोणाला त्रास होत असेल तर आधी डॉक्टर गाठा, मग हे पान वाचा.

आजकाल सगळ्यातच विष आहे म्हणतात. मग विषारी म्हणायचं तरी कशाला?

नुसतं पदार्थाचं नाव ऐकून काहीच ठरत नाही. तो किती आहे, किती वर्षं अंगात जातो आहे, श्वासातून, तोंडातून की कातडीतून जातो आहे आणि तो कोणाच्या अंगात जातो आहे, एवढं कळलं की मग बोलता येतं. फ्लोराइडचंच घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तर भारतीय मानक १.५ पर्यंत सूट देतं. त्याच्या वर वर्षानुवर्षं गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, मग हाडं आणि सांधे आखडतात. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे भोगलं आहे. मँगनीज तर अन्नातून थोडंसं लागतंच, पण त्याचीच धूळ खाणीत किंवा भट्टीवर वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर ते मेंदूत साचतं.

याला मोठा अपवाद शिशाचा. शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, असं आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कोराडी रोडवर राहतो. गच्चीवर रोज काळी-करडी पूड येऊन राहिली. ही प्लांटचीच राख का?

थोडी असेल, सगळी नसेल. उत्तर नागपुरात गच्चीवर पडणाऱ्या धुळीत रस्त्याची माती, बांधकामाची भुकटी, ट्रकच्या डिझेलची काजळी, जाळलेल्या पाल्याची राख आणि वीज केंद्रांची राख असं सगळं मिसळलेलं असतं. बोटावर घेऊन चोळून पाहा. काजळी काळी आणि चिकट असते, डाग सोडते. कोळशाची उडती राख करडी आणि मैद्यासारखी मऊ लागते. खात्रीच करायची असेल तर एखाद्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. भट्टीत खनिजं वितळून उडता उडता थंड होतात, त्यामुळे उडत्या राखेचे बरेच कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल दिसतात. मातीचे कण वेडेवाकडे, कोपरेदार असतात.

आता राखेचा हिशेब. कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, आणि खापरखेड्याचं केंद्र जवळच. असा एक संच पूर्ण भारावर दिवसाला साधारण नऊ-दहा हजार टन कोळसा जाळतो. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. म्हणजे ढोबळमानाने एका संचाची रोजची तीन हजार टन राख झाली. तिच्यातली बहुतेक धुरासोबत वर निघते आणि चिमणीच्या आधी विजेच्या भाराने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रात अडकते. या यंत्राने ९९ टक्के राख पकडली तर तीस टन बाहेर जाते, आणि ९९.९ टक्के पकडली तर तीन टन. शेवटच्या त्या एका टक्क्यात दहापट फरक पडतो. म्हणून जनसुनावणीत 'यंत्र बसवलेलं आहे' असं उत्तर मिळालं की गप्प बसू नका. ते गेल्या वर्षभर किती टक्क्यांवर चाललं, तेवढं विचारा.

आणखी एक. गच्चीवर डोळ्यांना दिसते ती धूळ जाड असते, तिच्यातली बरीचशी नाक आणि घसा अडवतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे पीएम २.५ कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक, एकेकटे कधीच दिसत नाहीत. चिमणीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटचे कण होतात, तेही याच मापाचे. या वायूसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातल्या आणि नंतर मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. गच्ची स्वच्छ दिसली म्हणजे हवा स्वच्छ झाली, असा अर्थ लावू नका.

आमचं वावर राखेच्या तलावाजवळ आहे. विहिरीचं पाणी प्यावं का?

तपासल्याशिवाय पिऊ नका. वीज केंद्राची बरीच राख पाण्यात कालवून नळाने तलावात सोडतात. तळाला अस्तर नसेल किंवा बांध कच्चा असेल तर ते पाणी झिरपतं. जुलै २०२२ च्या पावसात खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांतून पुढे नदीत गेला. त्याच वर्षी पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला राख टाकण्याविरुद्ध गावकऱ्यांनी आवाज उठवला होता.

राखेत मुख्यत्वे वाळूतली सिलिका, अॅल्युमिना आणि लोह असतं. त्यासोबत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, सेलेनियम, बोरॉन आणि पारा हे अगदी थोड्या प्रमाणात असतात. प्रमाण थोडं असलं तरी ढीग लाखो टनांचा असतो. विहिरीचं पाणी तपासायला देताना 'पिण्यायोग्य आहे का' एवढंच लिहून देऊ नका. नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार आणि कडकपणा पाहतात, जड धातू वेगळे सांगावे लागतात. आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, बोरॉन आणि सल्फेट अशी नावं लिहून द्या. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात, असं दोनदा तपासलं तर चित्र कळतं.

उन्हाळ्यात तलाव सुकला की वावटळीबरोबर राख उडते ती वेगळीच. ती दाबून ठेवायला पाणी मारणं आणि वर माती पसरणं ही तलाव ज्याचा त्याचीच जबाबदारी. गावाने तोंडाला रुमाल बांधून तो प्रश्न सुटत नाही.

राखेच्या विटांचं घर बांधलं तर चालेल का?

चालेल. सिमेंट किंवा चुन्याने बांधल्यावर राख विटेत घट्ट बसते, प्लास्टर झालं की संबंधच येत नाही. काळजी घ्यायची ती वीट कापताना आणि छिद्र पाडताना: पाणी मारत कापा आणि मिस्त्रीला मास्क द्या.

मोबाइलवरचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) कितपत खरा?

आकडा खरा असतो, पण तो त्या यंत्राजवळच्या हवेचा. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओसमोर, महालमध्ये, रामनगरला आणि अंबाझरीला सतत मोजणारी केंद्रं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर त्यांचे आकडे मिळतात. तुम्ही कळमना, हिंगणा एमआयडीसी किंवा खापरखेड्याला राहत असाल तर अंबाझरीच्या झाडीतला आकडा तुमच्या हवेचा नाही.

दुसरं म्हणजे एक्यूआय हा एका दिवसाचा ताप मोजतो. शरीरावरचा परिणाम वर्षाच्या सरासरीवर जास्त अवलंबून असतो. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून फक्त ५. आपल्या मर्यादेत बसणारी हवादेखील हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि मुलांची फुप्फुसं यांच्यासाठी निर्धोक नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूर आहेच. शिवाय पारा एक्यूआयच्या हिशेबातच नाही. कोळशातला पारा वाफ होऊन चिमणीतून जातो आणि त्याचा एक्यूआयवर काडीचा फरक दिसत नाही.

थंडीतच खोकला का वाढतो?

डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसतो. धूर वर जाऊ शकत नाही, वस्तीतच रेंगाळतो. त्यात चौकाचौकांत शेकोट्या, त्याही टायर आणि प्लास्टिक टाकून पेटवलेल्या. सकाळी सहाला फिरायला जाणाऱ्या दम्याच्या रुग्णांनी त्या दिवसांत ऊन वर आल्यावर निघावं.

बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका, एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस झोपेतच जातो. गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल तर तोच धोका बारा महिने.

भांडेवाडीला आग लागली की दोन दोन दिवस धूर येतो. काय करायचं?

उन्हाळ्यात भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डच्या पोटात कचरा कुजून मिथेन तयार होतो आणि एकदा पेटला की आतल्या आत धुमसतो. त्या धुरात बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि पीव्हीसीसारखं प्लास्टिक अर्धवट जळाल्याने तयार होणारे डायऑक्सिन असतात. डायऑक्सिन शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं टिकतात.

नागपूरकराची अडचण कूलरची. बाहेर ४५ अंश, आणि कूलर बाहेरचीच हवा ओढून घरात आणतो. ओलं गवत जाड धूळ थोडी अडवतं, धूर अडवत नाही. धूर दाट असेल तेवढे तास कूलर बंद करून, खिडक्या लावून पंख्याखाली बसावं, लहान मुलं, गरोदर बाया आणि दम्याचे रुग्ण यांना दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे पाठवता आलं तर उत्तम. पण उष्माघाताचा धोकाही तितकाच खरा आहे. घर तापून जीव घाबरायला लागला तर कूलर लावा. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. साधा दुपट्टा यातलं काहीच नीट अडवत नाही.

आणि घरासमोरचा पालापाचोळा पेटवणं बंद करा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला आहे. सोसायटीच्या मावशी किंवा चौकीदार काका जाळतात ते सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलेलं असतं, तेव्हा बोलायचं ते सेक्रेटरीशी.

नळाच्या पाण्याला आरओ लागतो का?

पेंच धरणाचं, शुद्ध होऊन आलेलं पाणी तुमच्या नळाला नीट येत असेल तर बहुतेकांना नाही लागत. त्यात क्षार कमी असतात. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ वापरू नये, असं हरित न्यायाधिकरणानेही २०१९ मध्ये म्हटलं. नागपुरात पाण्याचा त्रास बहुधा जंतूंचा: गटाराशेजारून गेलेली जुनी पाइपलाइन, न धुतलेली टाकी. त्याला उकळणं किंवा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ विकणारा माणूस दारात विजेच्या तारा पाण्यात बुडवून ते लालपिवळं करून दाखवतो, त्यातला गाळ त्याच्या तारांच्या धातूचा असतो. पाण्यात थोडे क्षार असले की तो खेळ कुठल्याही पाण्यावर जमतो.

मग बोअरचं पाणी उकळून प्यायलं तर?

जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसं मरत नाहीत. पाणी आटतं आणि ते अधिक घट्ट होतात. नायट्रेट तर विदर्भात घरोघरच्या विहिरींचा प्रश्न आहे. ते सेप्टिक टँक, शेणखताचे उकिरडे आणि युरियातून झिरपतं. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात दुधाची भुकटी कालवून तान्ह्या बाळाला पाजली तर त्याचं रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि ओठ, नखं निळी पडतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला बोअरच्या पाण्यातलं दूध देऊ नका. अशा बोअरला आरओ खरोखर कामाचा असतो, पण आधी तपासणी आणि मग यंत्र.

सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली, तसा पूर आला तर विहीर आणि जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून मगच वापरात घ्या. गॅरेजचं ऑइल किंवा कीटकनाशकाचे डबे त्या पाण्यात वाहून आले असतील तर ब्लीचिंगचा उपयोग नाही, ते पाणी प्यायला बाद समजा.

नाग नदीच्या पाण्यावरची पालक-मेथी खावी का?

आम्ही खात नाही. नाग आणि पिवळी या नद्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळतात आणि ते पाणी वैनगंगेतून गोसीखुर्दच्या धरणापर्यंत जातं. वरच्या पट्ट्यात याच पाण्यावर भाजी पिकते. जंतूंचा प्रश्न धुऊन आणि शिजवून सुटतो. पानांत मुरलेलं कॅडमियम मात्र धुऊन जात नाही. पालेभाज्या ते जमिनीतून सहज ओढतात आणि ते मूत्रपिंडात वीस-तीस वर्षं बसून राहतं. रोज एकाच भाजीवाल्याकडून एकच पालेभाजी घेण्यापेक्षा बदलत राहिलेलं बरं. शेंगा आणि फळभाज्यांत धातू कमी उतरतात. शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या बांधाला तेच पाणी येतं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे स्वच्छ करणं जमतं हे शहराने दाखवून दिलं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी कशाची करू?

शिशाची. हे उत्तर ऐकून पालक थोडे हिरमुसतात, कारण प्रश्न चिमणीबद्दल असतो आणि उत्तर घरातल्या कपाटाबद्दल निघतं.

शिसं अंगात गेल्यावर बहुतेक मुलांना काहीच होताना दिसत नाही. पोटदुखी, चिडचिड, बद्धकोष्ठता, फिकटपणा हे कशानेही होतं. आत मात्र मेंदूच्या जडणघडणीवर परिणाम होतो. लक्ष लागत नाही, बुद्ध्यंक काही अंकांनी घसरतो, आणि तो भरून येत नाही. मुलांचं आतडं मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांमध्ये आणखी जास्त, आणि आपल्याकडे रक्तक्षय किती आहे ते सांगायला नको.

पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं, तेव्हापासून हवेतलं बरंच कमी झालं. राहिलेले मार्ग असे. जुन्या दारांचा, ग्रिलचा, पाळण्याचा ऑइलपेंट. रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांवर नसावं हा नियम २०१७ च्या अखेरीस लागू झाला, त्याआधीच्या पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत ते भरपूर असू शकतं. दिवाळीआधी पॉलिश पेपरने खरवडलेली ती धूळ फरशीवर बसते, रांगतं बाळ तळहाताने गोळा करतं आणि तोंडात घालतं. खरवडायचंच तर ओलं करून खरवडा आणि मुलांना तेवढे दिवस मामाकडे पाठवा.

देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. मूर्तीला लावायला हरकत नाही, मुलांच्या कपाळाला आणि प्रसादाच्या हाताला नको. काही सुरम्यात शिशाचं सल्फाइड असतं. सुटी, अवाजवी पिवळीधमक हळद शिशाच्या क्रोमेटने रंगवलेली निघू शकते, हळकुंडं आणून दळलेली बरी. पितळी भांड्यांची कल्हई शुद्ध कथलाची हवी, स्वस्त कल्हईत शिसं मिसळतात. नागभस्म हे शिशाचंच असतं, घरात कोणी घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि घरातले बाबा किंवा काका बॅटरीच्या, रेडिएटरच्या किंवा भंगाराच्या कामावर असतील तर त्यांनी कामाचे कपडे तिथेच बदलावेत, घरी येऊन आधी हातपाय धुवावेत आणि मग मुलाला उचलावं.

शंका असेल तर शिरेतल्या रक्ताची शिशाची तपासणी करून घ्या. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्रोत बंद झाला की आकडा हळूहळू उतरतो.

अंगातलं विष काढायला डिटॉक्स, गूळ, ताक, काही आहे का?

यकृत आणि मूत्रपिंड हे काम चोवीस तास करतात, तेही फुकट. त्यांच्यावर आणखी एखादा अनोळखी काढा लादू नका. खाणीत आणि धुळीच्या कारखान्यांत कामगारांना गूळ द्यायची जुनी पद्धत आहे. गूळ घसा ओला ठेवतो, फुप्फुसात रुतलेली सिलिका त्याने बाहेर येत नाही. गूळ देऊन धुळीचा बंदोबस्त टाळणारा मालक मात्र यात स्वस्तात सुटतो.

धातू बाहेर काढणारी खरी औषधं आहेत, त्या उपचाराला किलेशन म्हणतात. मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की साधारण ती रुग्णालयात देतात. ती शरीरातलं कॅल्शियम, जस्तही ओढतात, म्हणून कोणा 'क्लिनिक'मध्ये सलाइन लावून घ्यायची ही गोष्ट नाही. केस पाठवून वीस धातूंचा रिपोर्ट देणाऱ्या पॅकेजवरही पैसे घालवू नका.

आमचे मामा मनसरच्या बाजूला खाणीत होते. हात थरथरतात, चालताना तोल जातो. खाणीमुळे असेल का?

असू शकतं, म्हणून डॉक्टरांना नोकरीचा इतिहास आधी सांगा. रामटेक-सावनेर पट्ट्यात मनसर, कांद्री, गुमगाव इथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर पार्किन्सनसारखा आजार होतो: चेहरा निर्विकार होतो, बोलणं पुटपुटल्यासारखं, चाल कोंबड्यासारखी टाचा उचलून. पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळ्यांचा त्यात फारसा उपयोग होत नाही, तोही एक सुगावा.

गिट्टीखदानीत किंवा दगड फोडण्याच्या क्रशरवर काम केलेल्यांना सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि त्याच्यावर टीबी सहज चढते. बरेच जण वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या खात राहतात, कामाचं कोणी विचारतच नाही. सिलिकोसिस आणि मँगनीजची विषबाधा दोन्ही कायद्याने अधिसूचित व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, म्हणजे डॉक्टरने कळवणं बंधनकारक. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्समध्ये गेल्यावर हजेरीपत्रक, पगारपावती, पीएफचा कागद, जे असेल ते सोबत न्या. भरपाईच्या वेळी एक्स-रेइतकंच ते कामी येतं.

फवारणी करताना चक्कर आली तर?

पंप खाली ठेवा, वावराबाहेर या, सगळे कपडे काढा, साबणाने डोक्यापासून अंघोळ घाला आणि दवाखान्यात न्या. डबा किंवा त्याची चिठ्ठी सोबत घ्या. लाळ गळणं, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, उलट्या, स्नायू फडफडणं, दम लागणं ही ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाने होणाऱ्या विषबाधेची लक्षणं. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप थांबवणारं विकर (एन्झाइम) हे फवारणीचं औषध बंद पाडतं, त्यामुळे शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अॅट्रोपिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. १०८ ला फोन करा.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती आणि दमट हवेत अंगावर हातमोजे-कोट कोणाच्याच नव्हते. काटोल, नरखेड, सावनेरकडे संत्र्याच्या बागेत वर तोंड करून मारावं लागतं, तिथेही हाच प्रकार. डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाऱ्याकडे पाठ करून मारा, दुपारच्या उन्हात मारू नका, आणि मजुराला खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) खायचा असेल तर आधी हात धुवायला पाणी द्या. रिकाम्या डब्यात घरी तेल-पाणी भरून ठेवण्याची सवय तर आजच मोडा.

खर्रा निघालाच आहे तर: हवेपेक्षा तो वाईट का?

खाणाऱ्यासाठी, हो. सुपारी आणि तंबाखू दोन्ही सिद्ध झालेली कर्करोगकारक. चुना गालाच्या आतली कातडी सोलतो आणि त्यांना आत जायला वाट करून देतो. सुपारीने तोंड उघडेनासं होतं, हे नागपुरातल्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा. पन्नीवर घोटलेला खर्रा गालात धरून प्रदूषणावर तावातावाने बोलणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांची तक्रार चुकीची नसते, एवढंच.

आमच्या गल्लीत चार जणांना कॅन्सर झाला. पाण्यात काही असेल का?

आधी चार ओळी लिहा: कोणता कॅन्सर, वय, किती वर्षांपासून इथे राहतात, काम काय आणि तंबाखू होती का. स्तनाचा, तोंडाचा, आतड्याचा आणि फुप्फुसाचा असे चार वेगवेगळे असतील तर बहुधा एक कारण नाही. साठीनंतर कॅन्सर इतका सर्रास आहे की मोठ्या गल्लीत चार रुग्ण योगायोगाने सापडतात. एकाच दुर्मीळ प्रकारचे तीन, किंवा एकाच कारखान्यातून निवृत्त झालेले चौघे असतील तर मात्र ती यादी घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि मेडिकलच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाकडे जा. नागपूरची कर्करोग नोंदणी अनेक वर्षांपासून चालू आहे, त्यामुळे तुलना करायला आकडे आहेत.

थर्मामीटर फुटला, पारा सांडला. झाडूने गोळा करू?

झाडू नको, व्हॅक्यूम तर मुळीच नको, दोन्हींनी गोळ्या फुटून वाफ वाढते. खिडक्या उघडा, सोन्याचे दागिने काढून ठेवा, जाड कागदाने गोळ्या एकत्र ढकला, उरलेल्या चिकटपट्टीने उचला, सगळं झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा. बेसिनमध्ये ओतू नका. मुलाने एखादी गोळी गिळली तर घाबरू नका, गिळलेला धातुरूप पारा जवळजवळ शोषला जात नाही. डॉक्टरांना मात्र कळवा. धोका श्वासातल्या वाफेचा असतो.

कारखाना रात्री दोनला धूर सोडतो. तक्रार कुठे आणि कशी करायची?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे, लेखी, आणि पोच घ्या. 'धूर येतो' एवढ्यावर काही हलत नाही. आठवडाभर वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कसा होता, डोळे चुरचुरले का, हे लिहा आणि वेळ दिसेल असे फोटो काढा. शेजारच्या चार घरांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या तर आणखी चांगलं.

त्याचबरोबर माहिती अधिकारात त्या कारखान्याच्या संमतिपत्राची प्रत मागा. कोणतं इंधन, किती उंचीची चिमणी, किती कण आणि वायू सोडायची मुभा, राख आणि घातक कचरा कुठे द्यायचा, हे सगळं त्यात अटींसह लिहिलेलं असतं. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्याने मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं, त्याचीही प्रत मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तुमच्या तक्रारीला अट क्रमांक देता येतो: अमुक तारखेच्या संमतिपत्रातली अमुक अट अमुक रात्री मोडली. अशा पत्राला उत्तर देणं भाग पडतं. तरीही आलं नाही तर हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, आणि तिथे लागणारा निम्मा पुरावा तोवर तुमच्या वहीत तयार असतो.